हुकलेली बढती : न्यायमूर्ती लर्नेड हँड यांचं प्रकरण

१९१७ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कच्या फेडरल जिल्हा न्यायालयात एक तातडीचा अर्ज आला. अर्जदार होतं 'द मासेस' नावाचं डाव्या विचारांचं मासिक आणि प्रतिवादी होते शहराचे पोस्टमास्तर टॉमस पॅटन. मासिकाचा ऑगस्टचा अंक टपालाने न्यायला पोस्टमास्तरांनी नकार दिला होता. ज्यांच्यापुढे हा अर्ज आला, त्या न्यायाधीश लर्नेड हँड यांचं नाव त्याच सुमारास वरच्या अपील न्यायालयातल्या एका रिकाम्या जागेसाठी घेतलं जात होतं. ती नेमणूक अध्यक्ष वुड्रो विल्सन करणार होते, आणि मासिक अडवणारं सरकारही विल्सन यांचंच होतं.

हँड यांचं नाव निघालं की 'सर्वोच्च न्यायालयात कधीच न गेलेला सर्वांत मोठा अमेरिकन न्यायाधीश' हे वाक्य हमखास येतं. ते खोटं नाही, पण त्याने लक्ष भलत्याच जागी जातं. सर्वोच्च न्यायालयाची जागा हुकण्यात नशिबाचा, वयाचा आणि राजकारणाचा भाग मोठा होता. १९१७-१८ मध्ये हुकलेल्या या धाकट्या जागेचं तसं नव्हतं. ती एका निकालपत्रामुळे गेली, आणि ते लिहिताना ती जाईल याची लिहिणाऱ्याला कल्पना होती. म्हणून अभ्यासायचं तर हे प्रकरण.

आधी व्यवस्थेबद्दल दोन शब्द

अमेरिकेत फेडरल न्यायालयांच्या तीन पायऱ्या आहेत. खाली जिल्हा न्यायालयं, मध्ये सर्किटनिहाय, म्हणजे काही राज्यांच्या गटागटासाठी, अपील न्यायालयं आणि वर सर्वोच्च न्यायालय. दुसऱ्या सर्किटमध्ये न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि व्हरमाँट ही राज्यं येतात. 'जिल्हा' या शब्दाने आपली फसगत होऊ नये. मॅनहॅटनच्या त्या जिल्हा न्यायालयात बंदरं, बँका, पेटंटं, दिवाळखोऱ्या असं सगळं चालतं, आणि वजनाच्या बाबतीत ते आपल्याकडच्या जिल्हा कोर्टापेक्षा हायकोर्टाच्या एकल पीठाच्या जवळचं वाटेल.

तिथे सेवाज्येष्ठतेने वर चढण्याची सोय नाही. प्रत्येक पायरीवर नवी नेमणूक होते : अध्यक्षाने नाव द्यायचं, सिनेटने संमती द्यायची. एकदा बसलेला न्यायाधीश तहहयात. महाभियोगाशिवाय त्याला काढता येत नाही आणि त्याचा पगार कमी करता येत नाही. म्हणजे राज्यघटनेने न्यायाधीशाच्या भीतीचा बंदोबस्त केला, लोभाचा केला नाही. खालच्या न्यायाधीशाला वर जावंसं वाटणारच, आणि वर नेणारा हात बऱ्याच वेळा त्याच्यासमोरच्या एका पक्षकाराचा असतो.

हँड कोण होते

जन्म १८७२ चा, न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी इथला. घराणं वकिलांचं. वडील सॅम्युएल हँड नामांकित वकील, पण मुलगा चौदा वर्षांचा असतानाच वारले, आणि आपण त्यांच्या तोडीचे नाही हा सल मुलाच्या मनात कायमचा राहिला. हार्वर्डमध्ये त्यांनी आधी तत्त्वज्ञान शिकलं, तेही विल्यम जेम्स, जोसाया रॉइस, सांतायाना यांच्या हाताखाली, आणि मग कायदा. वकिलीत फारसं यश नव्हतं. १९०९ मध्ये अध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना जिल्हा न्यायाधीश नेमलं तेव्हा वय ३७.

तीनच वर्षांनी, १९१२ च्या निवडणुकीत, हँड यांनी आपल्याला नेमणाऱ्या टाफ्ट यांच्याऐवजी थिओडोर रूझवेल्ट यांची बाजू घेतली. १९१३ मध्ये खुर्चीवर असतानाच प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या तिकिटावर राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशपदाची निवडणूक लढवली आणि ते सपशेल आपटले. आजच्या नजरेला हा प्रकार विचित्रच वाटेल. टाफ्ट यांनी तो लक्षात ठेवला.

निकाल

अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये महायुद्धात उतरली. १५ जूनला हेरगिरीविरोधी कायदा, म्हणजे एस्पिओनेज अॅक्ट, झाला. नाव हेरगिरीचं असलं तरी त्याच्या तिसऱ्या कलमाचा रोख बोलण्यावर होता. सैन्यात बेदिली किंवा बंड माजवण्याचा प्रयत्न केला, सैन्यभरतीत अडथळा आणला, तर वीस वर्षांपर्यंत कैद. असा मजकूर असलेलं काहीही टपालात घ्यायचं नाही, हेही त्यातच होतं.

'द मासेस'चे संपादक मॅक्स ईस्टमन. अंकातली चार व्यंगचित्रं आणि काही मजकूर सरकारने बोट ठेवून दाखवला. एका चित्रात अमेरिकन स्वातंत्र्याचं प्रतीक असलेली लिबर्टी बेल ही घंटा तडा जाऊन मोडून पडलेली होती. दुसरं सक्तीच्या सैन्यभरतीवर होतं. भरतीला विरोध केल्याबद्दल पकडलेल्या एमा गोल्डमन आणि अलेक्झांडर बर्कमन यांच्या गौरवाची एक कविता होती. भरतीला जाऊ नका, असं थेट सांगणारं वाक्य कुठेही नव्हतं. सरकारचं म्हणणं असं की वाचणाऱ्याच्या मनात युद्धाबद्दल तिटकारा निर्माण होतो, तिटकाऱ्यातून अवज्ञा निर्माण होते, तेव्हा हा अंक कायद्याखाली येतो.

हा युक्तिवाद मराठी वाचकाला ओळखीचा वाटला पाहिजे. १८९७ मध्ये टिळकांच्या पहिल्या राजद्रोह खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं होतं की 'डिसअफेक्शन' म्हणजे प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! १९०८ मध्ये न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर सहा वर्षांची शिक्षा झाली ती याच वाटेने. आणि १९१६ च्या नोव्हेंबरात, 'मासेस'च्या आठ-नऊ महिने आधी, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी टिळकांवरचा चांगल्या वर्तणुकीच्या जामिनाचा हुकूम रद्द केला. टिळकांच्या बाजूने जिना उभे होते. तिथे न्यायाधीशांनी भाषणं समग्र वाचून त्यांचा एकंदर रोख काय, हे पाहिलं. हँड यांनी वेगळी वाट घेतली. दोन्ही वाटांचा उगम एकाच अडचणीत आहे : शब्दांचा परिणाम मोजायचा कुणी आणि कशाने?

हँड यांनी २४ जुलैला निकाल दिला. त्यात राज्यघटनेतल्या भाषणस्वातंत्र्याचा आधार त्यांनी जवळपास घेतलाच नाही. त्यांनी फक्त कायद्याचा अर्थ लावला. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, जे शब्द वापरलेत त्यांत सरकारवरची प्रत्येक कडवट टीका येते का, एवढाच प्रश्न त्यांनी स्वतःपुढे ठेवला. युद्धकाळात काँग्रेसला कदाचित त्याहूनही कडक कायदा करता आला असता, हे त्यांनी मोकळं सोडलं. पण तसा तो केलेला नाही. आणि जो केलेला नाही तो न्यायालयाने अर्थ ताणून करू नये.

मग कसोटी कोणती? हँड म्हणाले, वाचकावर काय परिणाम होईल याचा अंदाज बांधत बसू नका, शब्द पाहा. कायदा मोडणं हे तुमचं कर्तव्य आहे किंवा त्यात तुमचं हित आहे, असं लेखक दुसऱ्यांना सांगतो आहे का? सांगत असेल तर त्याला संरक्षण नाही, कारण शब्द हे कृतीचा चापही ओढू शकतात, हे त्यांना मान्यच होतं. सांगत नसेल, तर त्याच्या लिखाणाने कितीही असंतोष पसरो, त्याने कायदा मोडवण्याचा प्रयत्न केला असं म्हणता येणार नाही. कारण असंतोषातूनच अवज्ञा येते हे खरं असलं तरी मग राज्यकर्त्यांवरची कुठलीही जहाल टीका त्या साखळीत ओवता येते.

ही कसोटी वापरायला सोपी आहे, कारण ज्युरीला युद्धज्वर चढलेला असला तरी कागदावरचे शब्द बदलत नाहीत. हँड यांना नेमकं हेच हवं होतं. पुढे पत्रांतून त्यांनी हे मित्रांना समजावलं : परिणामाचा अंदाज हा त्या दिवसाच्या हवेवर अवलंबून असतो, आणि हवा बिघडलेली असते तेव्हाच तर न्यायालयाची गरज लागते. तिचा दोषही उघड आहे. धूर्त माणूस 'कायदा मोडा' असं कधीच म्हणणार नाही. 'मी कुणाला काही करायला सांगत नाही' असं म्हणत जमावाला पेटवणारे वक्ते आपण सगळ्यांनी ऐकले आहेत, आणि या कसोटीच्या चाळणीतून ते अलगद खाली निसटतात. हँड यांना हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी दोन धोक्यांतला एक पत्करला.

निकालाच्या आसपास पत्नी फ्रान्सिसला लिहिलेल्या पत्रात त्यांनी बढतीचा विचार मनात येतो हे लपवलं नाही. मासिकाच्या बाजूने निकाल गेला तर वरची जागा बहुधा गेली, हे त्यांना दिसत होतं. तो विचार निकालात कुठूनही शिरू नये, हीच त्यांना सर्वांत मोठी चिंता होती. निर्भय न्यायव्यवस्था वगैरे जुन्या बाता एरवी पोकळ वाटल्या तरी कधीकधी त्यांना अर्थ येतो, अशा सुरात ते लिहितात. स्वतःच्या सद्गुणाबद्दल बोलतानाही माणूस थोडा ओशाळतो आहे, हे मला त्या पत्रातलं सर्वांत आवडतं.

किंमत

अपील न्यायालयाचे न्यायाधीश चार्ल्स हफ यांनी काही दिवसांतच निकालाला स्थगिती दिली. नोव्हेंबरमध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. लिखाणाचा स्वाभाविक परिणाम कायदा मोडण्याकडे नेणारा असेल तर तेवढं पुरे, थेट सांगण्याची गरज नाही, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे हँड यांनी दार लावून बाहेर ठेवलेला 'परिणाम' खिडकीतून आत आला.

दरम्यान टपाल खात्याने एक अफलातून चाल केली. ऑगस्टचा अंक टपालाने गेला नाही, म्हणजे मासिकात खंड पडला. खंड पडला, म्हणजे ते 'नियमित नियतकालिक' राहिलं नाही. सबब सवलतीचा टपाल दर बंद! अंक आपणच अडवायचा आणि मग अंक आला नाही म्हणून शिक्षा द्यायची. सरकारी कचेरीत चार चकरा मारलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. वर्षअखेर मासिक बंद पडलं. संपादकांवर १९१८ मध्ये दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही.

आणि ती रिकामी जागा? मार्च १९१८ मध्ये ती मार्टिन मँटन यांना मिळाली. मँटन हँड यांच्याच जिल्हा न्यायालयातले, वय ३७, आणि तिथे येऊन त्यांना दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. ब्रुकलिनमधून आलेले, धंद्यात पैसा केलेले आणि राजकीय पक्षाच्या यंत्रणेत ऊठबस असलेले यशस्वी वकील. हँड नऊ वर्षं जुने होते.

वकील मंडळींकडूनही हँड यांच्या निकालाला कुणी दाद दिली नाही. एका पत्रात त्यांनी त्या निकालाला खेळण्यातल्या नावेची उपमा दिली : मोठ्या ऐटीत निघाली आणि जगातला सर्वांत छोटा प्रवास करून बुडाली. त्यांनी प्रयत्न मात्र सोडला नव्हता. जून १९१८ मध्ये आगगाडीत त्यांची गाठ सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्याशी पडली, सहिष्णुतेवर वाद झाला आणि पत्रव्यवहार सुरू झाला. मार्च १९१९ मध्ये होम्स यांनी शेंक खटल्यात 'उघड आणि तत्काळ धोका' ही कसोटी मांडली आणि शिक्षा कायम केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अब्राम्स खटल्यात मात्र त्यांनी भाषणस्वातंत्र्याच्या बाजूने गाजलेलं विरोधी मत लिहिलं. या बदलाचं श्रेय एकट्या हँड यांना देणं अतिशयोक्ती होईल, पण होम्स यांच्या कानाशी बोलणाऱ्यांत ते होते.

अपील न्यायालयातली वर्षं

डिसेंबर १९२४ मध्ये अध्यक्ष कूलिज यांनी हँड यांना अखेर अपील न्यायालयात नेमलं. वय ५२. तीन वर्षांनी त्यांचे चुलतभाऊ ऑगस्टस हँडही तिथे आले. 'दाखला लर्नेडचा द्या, पण चाला गसच्या मागून' असं वकील म्हणत. लर्नेडची वाक्यं सुंदर, गसची समज पक्की, असा त्याचा भावार्थ.

तिथलं काम बहुतांशी रूक्ष होतं. कर, पेटंट, दिवाळखोरी, समुद्रावरचे अपघात. पण याच रूक्ष ढिगाऱ्यातून हँड यांनी जे काढलं ते आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावं लागतं. १९३२ चं टगबोटींचं प्रकरण घ्या. मार्च १९२८ मध्ये कोळशाचे तराफे ओढत निघालेल्या दोन टगबोटी न्यू जर्सीच्या किनाऱ्यालगत वादळात सापडल्या आणि दोन तराफे बुडाले. बोटींवर चालू रेडिओ असता तर हवामानाचा इशारा मिळाला असता. मालक म्हणाले, आमच्या धंद्यात असा रेडिओ ठेवायची रीतच नाही. हँड यांनी उत्तर दिलं की सगळा धंदाच मागे राहिलेला असू शकतो, आणि किती काळजी घेणं पुरेसं हे शेवटी न्यायालय ठरवेल.

१९४७ च्या कॅरोल टोइंग प्रकरणात न्यूयॉर्कच्या बंदरात पिठाने भरलेला 'अॅना सी' हा तराफा सुटून वाहत गेला आणि बुडाला. त्याच्यावरचा राखणदार एकवीस तास गायब होता. तो हजर असायला हवा होता का? हँड यांनी चक्क बीजगणित मांडलं. खबरदारीचा खर्च बी, अपघाताची शक्यता पी, नुकसान एल. पी आणि एल यांच्या गुणाकारापेक्षा बी कमी असूनही खबरदारी घेतली नाही, तर तो निष्काळजीपणा. हे सूत्र ध्यानात ठेवा, पुढे ते एका फार वेगळ्या ठिकाणी भेटणार आहे.

आणि १९४५ चा अॅल्युमिनियम कंपनीचा, म्हणजे अल्कोआचा, मक्तेदारी खटला. सर्वोच्च न्यायालयाचे चार न्यायमूर्ती हितसंबंधांमुळे बाजूला झाले आणि सहांची गणसंख्या भरेना. काँग्रेसने १९४४ मध्ये खास कायदा करून असं प्रकरण अपील न्यायालयाच्या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांकडे शेवटच्या निर्णयासाठी पाठवायची सोय केली. म्हणून बाजाराचा नव्वद टक्के हिस्सा ही मक्तेदारी, साठ-चौसष्ट टक्के संशयास्पद आणि तेहतीस टक्के नक्कीच नाही, हे हँड यांचं वाक्य प्रत्यक्षात देशाचा शेवटचा शब्द ठरलं. सर्वोच्च न्यायालयात न जाताच हँड एका खटल्यापुरते सर्वोच्च न्यायालय झाले.

मँटन यांचं काय झालं

मँटन १९२७ पासून दुसऱ्या सर्किटचे सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश होते. हँड बारा वर्षं त्यांच्या हाताखाली बसले. बाहेरून पाहता मँटन यांची कारकीर्द हँड यांच्यापेक्षा सरस दिसत होती. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी दोघांचीही नावं पुढे आली होती, आणि तेव्हा सरन्यायाधीश झालेल्या टाफ्ट यांनी दोघांनाही विरोध केला. हँड यांच्याबद्दल त्यांचा आक्षेप असा की हा सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती ब्रँडाइस यांच्या कळपात जाईल आणि विरोधी मतं लिहीत बसेल. १९१२ चा हिशेब चुकता झाला.

मँटन यांनी न्यायाधीश झाल्यावरही धंदे सोडले नव्हते. १९२९ नंतरच्या मंदीत ते डबघाईला आले, आणि ज्यांची अपिलं आपल्यापुढे होती त्यांच्याकडून ते 'कर्ज' घेऊ लागले. मध्यस्थ, बनावट कंपन्या, न फेडलेल्या रकमा, सगळं रीतसर. आकडा लाखो डॉलरांत होता. जानेवारी १९३९ च्या अखेरीस मॅनहॅटनचे सरकारी वकील टॉमस ड्यूई यांनी काँग्रेसच्या न्यायविषयक समितीच्या अध्यक्षांना पत्र पाठवलं, आणि मँटन यांनी लगेच राजीनामा दिला. जूनमध्ये ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं. शिक्षा दोन वर्षं कैद आणि दहा हजार डॉलर दंड. चारित्र्याची ग्वाही द्यायला अध्यक्षपदाचे दोन माजी उमेदवार, अल स्मिथ आणि जॉन डेव्हिस, साक्षीला आले होते.

अपील चालवायचं कुणापुढे? ते न्यायालय तर त्यांचंच. म्हणून खास पीठ बसलं. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती सदरलँड, विद्यमान न्यायमूर्ती स्टोन आणि नुकतेच आलेले चार्ल्स क्लार्क. मँटन यांचा बचाव वाचण्यासारखा आहे. ते म्हणाले, हे निकाल कायद्याच्या दृष्टीने बरोबरच होते, माझ्यासोबतच्या न्यायाधीशांनीही तसंच मत दिलं. हे खोटं नव्हतं. तीन जणांच्या पीठात बाकीच्या दोघांना सुगावाही नव्हता. पीठाने उत्तर दिलं की निकाल बरोबर असो की चूक, तो विकायला नसतो. मग सर्वोच्च न्यायालयाकडे जाताना मँटन यांनी आणखी एक मुद्दा काढला : एवढ्या उच्चपदस्थ न्यायाधीशाला दोषी ठरवणं लोकहिताचं नाही, त्याने न्यायालयांवरचा लोकांचा विश्वास उडतो. न्यायालयाने ऐकलं नाही. हा युक्तिवाद मात्र तेव्हाही नवा नव्हता आणि आजही जुना झालेला नाही.

मँटन गेल्यावर ज्येष्ठ न्यायाधीशाची जागा हँड यांच्याकडे आली.

इथे नियतीने न्याय केला वगैरे म्हणायचा मोह होतो. पण १९१८ मध्ये मँटन लाचखोर होते, असं म्हणायला आधार नाही. विल्सन यांनी चोर निवडला नव्हता. त्यांनी त्रास न देणारा माणूस निवडला होता.

पुन्हा हुकलेली जागा, आणि डेनिस

१९४२ मध्ये न्यायमूर्ती बर्न्स यांनी सर्वोच्च न्यायालय सोडलं तेव्हा तिथलेच न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी हँड यांच्यासाठी फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यामागे अक्षरशः लकडा लावला. पण हँड सत्तरीचे होते, आणि १९३७ मध्ये 'न्यायमूर्ती फार म्हातारे झालेत' असं सांगत न्यायालयाची सदस्यसंख्या वाढवू पाहणारे हेच रूझवेल्ट. त्यांनी ४८ वर्षांच्या वायली रटलेज यांना नेमलं. रटलेज १९४९ मध्ये वारले. हँड त्यानंतर बारा वर्षं जगले. ती जागा आपल्याला हवी होती, आणि हवी होती ती मोठेपणासाठी, याची लाज वाटते, असं हँड यांनी पुढे फ्रँकफर्टर यांच्याकडे कबूल केलं.

आता प्रकरणाचा अवघड भाग. १९५० मध्ये अमेरिकी कम्युनिस्ट पक्षाच्या अकरा नेत्यांचं अपील हँड यांच्यापुढे आलं, तोच डेनिस खटला. सरकार बळाने उलथवण्याची शिकवण देण्याचा कट केला, असा स्मिथ कायद्याखाली आरोप होता. 'मासेस'चा निकाल लिहिणारा इथे काय करणार? त्याने शिक्षा कायम केली. आणि कसोटी दिली ती अशी : अरिष्टाचं गांभीर्य, त्यातून त्याच्या असंभवतेची वजावट, आणि जे उरेल त्याने भाषणावरचं बंधन समर्थनीय ठरतं का ते पाहायचं. कॅरोल टोइंगचा पी आणि एल! तराफ्याच्या राखणदारासाठी केलेलं गणित तीन वर्षांनी माणसांच्या मतांना लावलं गेलं. अरिष्ट पुरेसं भयंकर कल्पिलं की शक्यता कितीही कमी असली तरी गुणाकार मोठाच येतो. १९१७ मध्ये ज्या अंदाजबांधणीला त्यांनी हद्दपार केलं होतं, तीच इथे गणिताचा वेष घेऊन आली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सूत्र जसंच्या तसं उचललं.

त्यांच्या बाजूने सांगतात ते असं की खालचं न्यायालय वरच्याने बांधलेलं असतं, 'मासेस' कसोटी वरच्यांनी कधीच स्वीकारली नव्हती, आणि 'उघड आणि तत्काळ धोका' याला काहीतरी निश्चित आकार देणं भाग होतं. खासगीत त्यांनी आपला मित्र बर्नार्ड बेरेन्सन यांना लिहिलं की आपल्यावर असतं तर हा खटला भरलाच नसता. १९५० च्याच डिसेंबरात सोव्हिएत हेर म्हणून दोषी ठरलेल्या ज्युडिथ कॉप्लन यांची शिक्षा त्यांनी रद्द केली, कारण अटक वॉरंटशिवाय झाली होती आणि चोरून ऐकलेल्या टेलिफोनचा तपशील बचावाला दाखवला नव्हता. तिचा अपराध स्पष्ट दिसतो असं लिहूनही रद्द केली. तेव्हा घाबरून वाकले असा आरोप टिकत नाही.

तरीही मला हे समर्थन अपुरं वाटतं. १९१७ मध्ये त्यांना बांधणारा निकाल नव्हता आणि त्यांनी त्या मोकळ्या जागेचा उपयोग केला. १९५० मध्ये जागा अरुंद होती, पण कायद्याचे शब्द बारकाईने वाचून वाट काढणं ही तर त्यांचीच युक्ती. १९५७ मध्ये येट्स खटल्यात न्यायमूर्ती हार्लन यांनी तेच केलं. स्मिथ कायदा कृतीसाठी उद्युक्त करण्यावर आहे, नुसतं तत्त्व शिकवण्यावर नाही, असा अर्थ लावून त्यांनी शिक्षा उलटवल्या. हार्लन आधी दुसऱ्या सर्किटमध्येच होते.

नंतर

हँड १९५१ मध्ये नियमित कामातून निवृत्त झाले, पण मरेपर्यंत खटले ऐकत राहिले. १९०९ ते १९६१, बावन्न वर्षं. त्यांच्याकडे विधी लेखनिक म्हणून काम केलेल्या तरुणांत आर्चिबाल्ड कॉक्स आणि एलियट रिचर्डसन हे दोघे होते. १९७३ च्या ऑक्टोबरात वॉटरगेट घोटाळ्याच्या चौकशीत अध्यक्ष निक्सन यांनी ती चौकशी चालवणाऱ्या कॉक्स यांना काढायचा हुकूम दिला आणि अॅटर्नी जनरल रिचर्डसन यांनी तो पाळण्याऐवजी राजीनामा दिला, तेव्हा दोन्ही टोकांना हँड यांच्याच कचेरीतून गेलेली माणसं होती.

जून १९६९ मध्ये ब्रँडेनबर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नवी कसोटी दिली. तात्काळ बेकायदा कृत्याची चिथावणी देण्याकडे भाषणाचा रोख हवा आणि तसं कृत्य घडण्याचा संभवही हवा. पहिला अर्धा भाग ही ५२ वर्षांपूर्वीची खेळण्यातली नाव, दुसरा होम्स यांचा. निकालात हँड यांचं नाव नाही. संरक्षण मिळालं ते ओहायोतल्या कू क्लक्स क्लानच्या एका म्होरक्याला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अरूप भुयान प्रकरणात ब्रँडेनबर्गचा आधार घेतला, आणि २०२३ मध्ये मोठ्या पीठाने तो निर्णय चूक ठरवून बदलला. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात न्यायमूर्ती नरिमन यांनी चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असा जो भेद केला, त्याच्याही मुळाशी तोच जुना प्रश्न आहे.

१९५८ मध्ये हार्वर्डमधल्या व्याख्यानांत ८६ वर्षांच्या हँड यांनी न्यायालयांनी कायदे रद्द करण्याच्या अधिकारावरच शंका घेतली. शाळांतला वर्णभेद संपवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालाचा कायदेशीर पायाही त्यांना पटला नव्हता. दक्षिणेतल्या विरोधकांना आयतं कोलीत मिळालं, मित्र अवघडले.

१८ ऑगस्ट १९६१ रोजी हँड वारले. त्याच शरद ऋतूत केनेडी यांनी दुसऱ्या सर्किटमध्ये नव्याने निर्माण झालेल्या एका जागेवर ब्राउन खटला लढवून जिंकलेले वकील थर्गुड मार्शल यांना नेमलं. फोली स्क्वेअरच्या ज्या इमारतीत मँटन आणि हँड एकाच पीठावर बसले होते, तिला २००१ पासून मार्शल यांचं नाव आहे.